नांदण्यास नकार : दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८४ ते १८८८

कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात वकील आणि पक्षकार ज्याला ‘नांदायला येण्याचा दावा’ किंवा, हिंदू विवाह कायद्यातल्या कलमावरून, नुसते ‘कलम नऊ’ म्हणतात, त्या दाव्यातली मागणी एका वाक्यात मावते : बायको माहेरी राहिली आहे, तिने माझ्या घरी येऊन नांदावे असा हुकूम व्हावा. असा दावा बायकोलाही नवऱ्याविरुद्ध लावता येतो. पण ‘नांदणे’ हे क्रियापद मराठीत कोणाच्या वाट्याला आले आहे, हे वेगळे सांगायला नको. नवरा नांदायला जात नाही, तो फार तर घरजावई होतो आणि तेही हलक्या आवाजात सांगितले जाते.

या जातीच्या दाव्यांपैकी सर्वांत गाजलेला दावा १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला. वादी होते दादाजी भिकाजी आणि प्रतिवादी होत्या रखमाबाई, वय वर्षे १९. चार वर्षांत तीन निकाल झाले, दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले, लंडनपर्यंत चर्चा गेली आणि शेवट झाला तो पैशांच्या तडजोडीत. ही कथा सहसा धैर्याची कथा म्हणून सांगतात. धैर्य होतेच, पण धैर्य अनेकींजवळ असते आणि तरीही त्या हरतात. रखमाबाईंच्या नकाराला कोणकोणत्या गोष्टींचा टेकू मिळाला, त्यांतल्या किती त्यांना घरातून मिळाल्या आणि किती त्यांनी स्वतः उभ्या केल्या, हे पाहण्यासाठी हे प्रकरण पुन्हा उघडणे आवश्यक वाटते.

आईची मालमत्ता

प्रकरणाची सुरुवात रखमाबाईंच्या लग्नापासून करण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती त्यांच्या आईपासून करायला हवी. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी, २२ नोव्हेंबर १८६४ रोजी, त्यांना रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी पती जनार्दन पांडुरंग वारल्याने त्या विधवा झाल्या. कुटुंब सुतार ज्ञातीचे होते आणि त्या ज्ञातीत विधवेने पुन्हा लग्न करण्याची चाल होती. त्याच काळात ब्राह्मण कुटुंबातल्या सतरा वर्षांच्या विधवेचे केशवपन झाले असते. सहा-सात वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजातून तयार झालेले वैद्यकतज्ज्ञ आणि वनस्पतींचे जाणकार होते. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांतल्या मोजक्या भारतीयांत त्यांचे नाव होते.

पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. या व्यवहारामागे आईच्या मायेइतकेच कायद्याचे कारणही होते. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेचे लग्न वैध ठरवले, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या कायद्याकडे आपण स्त्रीमुक्तीचा पहिला टप्पा म्हणून पाहतो, त्यात सासरच्या मंडळींची अशी सोय करून ठेवलेली होती. परिणाम असा झाला की आठेक वर्षांची एक मुलगी स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेली झाली. पुढे तिच्यावर दावा लावण्यामागे ही मालमत्ता होती असे एक बाजू म्हणत राहिली आणि तिला न पाठवण्यामागे हीच मालमत्ता होती असे दुसरी बाजू म्हणत राहिली. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असावे.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न सखाराम अर्जुन यांच्या नात्यातल्या दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी तेव्हा सुमारे १९ वर्षांचे होते आणि घरची स्थिती बेताची होती. ठरले होते ते असे की त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि पायावर उभे राहावे. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाईंना न्हाण आले आणि रिवाजाप्रमाणे गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला; त्याला सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर या नात्याने ठाम नकार दिला. दादाजींचे शिक्षण पुढे सरकले नाही आणि ते मामांच्या घरी, नारायण धुरमाजी यांच्याकडे, राहायला गेले. रखमाबाईंची शाळा लग्नानंतर सुटली होती, पण वाचन सुटले नाही. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके त्या घरी वाचत राहिल्या. नवरा-बायको एका शहरात, पण एकत्र नाहीत, अशी आठेक वर्षे गेली.

नोटीस आणि तीन कारणे

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली : पत्नीला आमच्या घरी पाठवून द्या. रखमाबाईंच्या बाजूने उत्तर गेले त्यात तीन कारणे होती. वादीजवळ स्वतःच्या आणि पत्नीच्या राहण्या-खाण्याची तजवीज करण्याची ऐपत नाही. वादीला दम्याचा विकार असून क्षयाचीही लक्षणे दिसतात. आणि वादी ज्या मामांच्या आश्रयाला आहे त्यांचे चारित्र्य तिथे तरुण स्त्रीने राहावे असे नाही.

ही कारणे आज वाचताना थोडी खटकतात. त्यांत गरिबीचा टोमणा आहे, आजाराचा आहे, आणि दादाजींचा कैवार घेणाऱ्यांनी तो पुढे नेमका उचललाही. परंतु १८८४ सालच्या न्यायालयात हिंदू पत्नीला बोलता येण्यासारखी कारणे हीच होती. नवरा मारतो, रोगी आहे, पोसत नाही, घर धोक्याचे आहे, एवढे सांगता येत होते. अकराव्या वर्षी मला कोणी विचारले नव्हते आणि आज विचारले तर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे म्हणण्यासाठी कैफियतीत रकानाच नव्हता. तो रकाना रखमाबाईंनी न्यायालयाबाहेर मिळवला, आणि त्यांचे नेतृत्व म्हणायचे ते इथून दिसू लागते.

‘एक हिंदू स्त्री’

१६ एप्रिल १८८५ रोजी, दावा सुनावणीला येण्यापूर्वीच, सखाराम अर्जुन वारले. घरात गर्भाधान नाकारणारा, पुस्तके येऊ देणारा, वकिलांशी बोलणारा माणूस गेला. उरल्या आई, मुलगी आणि आईचे वडील. अशा वेळी माघार घेणे समजण्यासारखे होते आणि कोणी दोषही दिला नसता. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, २६ जून १८८५ रोजी, टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध एक दीर्घ पत्र छापून आले. खाली नाव नव्हते, ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाची इंग्रजी सही होती. सप्टेंबरमध्ये त्याच सहीचे दुसरे पत्र आले, सक्तीच्या वैधव्याविषयी. लेखिका रखमाबाई होत्या.

पहिल्या पत्रातला तक्रारीचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. या दुष्ट चालीने माझ्या आयुष्याचे सुख नासले, असे त्या म्हणतात आणि लगेच सांगतात की मला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टीच्या, म्हणजे अभ्यासाच्या आणि मनाच्या मशागतीच्या, आड ही चाल आली. नवरा कसा आहे हा मुद्दा तिथे पुढे नाही. न्यायालयातल्या तीन कारणांपैकी एकही नाही. काही अपराध नसताना आपण कोंडल्या गेलो आहोत आणि पुढे जाण्याची प्रत्येक इच्छा संशयाने पाहिली जाते, ही तक्रार आहे. म्हणजे दम्याचा, गरिबीचा, मामाचा विषय न्यायाधीशापुढे आणि शिक्षणाचा, संमतीचा विषय वाचकांपुढे, अशा दोन आघाड्या एकाच वेळी चालू होत्या.

बालविवाह आणि वैधव्य या विषयांवर पारशी पत्रकार आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये आपली टिपणे प्रसिद्ध केली होती आणि त्यांवर देशभरातल्या कर्त्या पुरुषांनी मते दिली होती. न्यायाधीश, दिवाण, प्राध्यापक, शास्त्री, सगळे बोलले. जिच्याविषयी हे सगळे चालले होते तिचे मत त्या गठ्ठ्यात जवळजवळ नव्हतेच. रखमाबाईंच्या पत्रांनी ती उणीव भरून काढली आणि दुसऱ्या पत्रातून आणखी एक गोष्ट साधली. वैधव्याचा प्रश्न त्यांचा नव्हता. त्यांच्या ज्ञातीत विधवेला लग्न करता येत होते आणि त्यांच्या आईने ते केलेही होते. तरीही त्यांनी तो विषय हाती घेतला. स्वतःच्या खटल्यासाठी सहानुभूती मिळवणे एवढाच हेतू असता तर दुसरे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते.

तीन निकाल

सप्टेंबर १८८५ मध्ये दावा न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांच्यापुढे चालला. रखमाबाईंच्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. वादीचे म्हणणे ऐकून झाल्यावर पिन्हे यांनी प्रतिवादीच्या वकिलांना बोलायलाही लावले नाही. २१ सप्टेंबरला त्यांनी दावा फेटाळून लावला. त्यांचा कायदेशीर मुद्दा साधा होता. हा दावा वैवाहिक हक्कांच्या ‘पुनःस्थापने’चा म्हणवतो, पण पुनःस्थापना व्हायला आधी काही स्थापित व्हावे लागते, हे दोघे पती-पत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेलेच नाहीत. अशा स्थितीत एका तरुण स्त्रीला तिला नावडत्या पुरुषाकडे, त्याने तिच्या मर्जीविरुद्ध तिच्याशी संग करावा म्हणून, जबरीने पाठवणे हे रानटी, क्रूर आणि किळसवाणे ठरेल, असे त्यांनी म्हटले. तिची येण्याची इच्छा नाही हे कळल्यावर, घोडा किंवा बैल परत मिळवावा तशी ती मिळवण्याचा प्रयत्न वादीने करायला नको होता, अशीही त्यांची टिप्पणी आहे.

घोडा आणि बैल. मुंबई उच्च न्यायालयाच्या छापील निकालांत हे दोन प्राणी त्या संदर्भात कायमचे नोंदले गेले आणि त्यांनी मोठा गहजब उडवला. मात्र निकालातला अधिक महत्त्वाचा भाग इतिहासाचा होता. या प्रकारचा दावा हिंदू धर्मशास्त्रात सापडत नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला आहे आणि इंग्लंडमध्येच तो आता मोडीत निघत आहे, असे पिन्हे यांचे म्हणणे होते. भारतात हा दावा रुजवला तो प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतातली अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १८६७ मध्ये, मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात. जाता जाता सांगायला हवे की त्या प्रकरणातही पत्नी धनवान होती आणि नवऱ्याने तिचे कंपनी सरकारचे रोखे बळकावल्याचा वाद मुळाशी होता. मालमत्ता असलेली बायको आणि तिला ‘नांदायला’ बोलावणारा नवरा, ही जोडी योगायोगाने दोनदा आली असे मला वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर पुण्या-मुंबईतला विरोध पाहिला तर त्यातली विसंगती डोळ्यांत भरते. टिळकांनी आणि त्यांच्या वर्तुळातल्या पत्रांनी पिन्हे यांच्यावर कडाडून टीका केली. हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो विधींनी पूर्ण होतो, त्यात वधूच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही आणि परक्या न्यायाधीशाने आमच्या धर्मात हात घालू नये, असा त्या टीकेचा सूर होता. परक्यांनी हात घालू नये हे म्हणणे राजकीयदृष्ट्या समजू शकते. पण इथे धर्म म्हणून ज्याचा बचाव चालला होता ते हत्यारच परके होते. बायको नांदत नसेल तर तिला दिवाणी तुरुंगात टाका, असे सांगणारी स्मृती कोणीही दाखवली नाही, कारण ती नव्हती. कायद्याच्या अंगाने मात्र टीकाकारांची बाजू लंगडी नव्हती. पिन्हे यांचा निकाल आधीच्या निवाड्यांशी जुळत नव्हता आणि तो टिकणार नाही हे जाणकारांना दिसत होते.

तसेच झाले. मार्च १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल रद्द केला. विवाह विधींनी पूर्ण होतो, एकत्र राहिले नाहीत म्हणून दावा अडत नाही, असे ठरवून त्यांनी प्रकरण पुन्हा खाली पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूमनामा केला : रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे. न गेल्यास १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २६० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, मालमत्तेची जप्ती, किंवा दोन्ही.

त्या निकालाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या त्या पहिल्या मराठी स्त्रीच्या निधनाचा शोक ताजा होता आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शिकू पाहणाऱ्या मराठी स्त्रीला न्यायालय सांगत होते, की नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा.

सहा महिन्यांची कैद

रखमाबाईंनी तुरुंग निवडला. म्हणजे तसे जाहीर केले; नवऱ्याकडे जाण्यापेक्षा आपण शिक्षा भोगू, असे त्यांनी स्पष्ट केले. या निर्णयाकडे भावनेच्या भरातले उद्गार म्हणून पाहणे चूक ठरेल. सहा महिन्यांच्या कैदेने त्यांची सुटका होणार नव्हती. कैद भोगून बाहेर आल्यावरही त्या दादाजींच्या पत्नीच राहिल्या असत्या, कारण त्या विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग तेव्हाच्या कायद्यात त्यांच्यासाठी खुला नव्हता. तरीही तुरुंग स्वीकारण्यात एक हिशेब होता. जोपर्यंत त्या आजारपण, गरिबी, मामा अशी कारणे देत होत्या, तोपर्यंत कसोटी त्यांच्या कारणांची होती. त्यांनी शिक्षा पत्करल्याबरोबर कसोटी कायद्याची झाली. सुशिक्षित, अपराध न केलेल्या, बावीस वर्षांच्या स्त्रीला नांदत नाही म्हणून भायखळ्याच्या वा आणखी कुठल्या तुरुंगात नेऊन ठेवायला सरकार तयार आहे का, हा प्रश्न आता राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला.

तो अडचणीचा होता, कारण खुद्द इंग्लंडने १८८४ च्या कायद्याने याच दाव्यातली कैद काढून टाकली होती. ज्या वर्षी रखमाबाईंना नोटीस आली त्याच वर्षी. इंग्रज बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती ती हिंदुस्थानातल्या बाईला इंग्रजांचेच न्यायालय, इंग्रजी कायद्याच्या आधाराने, देऊ करत होते. तेव्हा अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या निकालाची दखल घेतली आणि रोख नेमका ठेवला : देशातल्या पुरुषांना खूश ठेवण्यासाठी सरकार स्त्रियांच्या हक्कांचा बळी देत आहे. मुंबईत मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ आदींच्या पुढाकाराने रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाण्याची भाषा सुरू झाली.

याच सुमारास, ९ एप्रिल १८८७ रोजी, लंडनच्या टाइम्समध्ये रखमाबाईंचे पत्र छापले गेले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचे ते पन्नासावे वर्ष होते. पत्रात त्यांनी राणीकडे स्वतःच्या सुटकेची याचना केली असती तर ते स्वाभाविक मानले गेले असते. त्यांनी मागितले ते हिंदू कायद्याच्या ग्रंथांत घालण्यासाठी एक वाक्य : मुलाचे २० आणि मुलीचे १५ वर्षे वय पूर्ण होण्यापूर्वी झालेले विवाह न्यायालयापुढे आल्यास कायद्याच्या दृष्टीने ग्राह्य धरू नयेत. तेवढे एक वाक्य सध्या पुरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

मला या संपूर्ण प्रकरणात हे वाक्य सर्वांत विचारपूर्वक केलेले वाटते. त्यात कोणाला शिक्षा नाही, लग्न लावणाऱ्या भटजीला दंड नाही, घरात पोलीस शिरण्याची तरतूद नाही. लोकांनी हवे तर लग्ने लावावीत; फक्त त्यांच्या जोरावर न्यायालयात येऊन हुकूमनामा मागता येणार नाही, एवढेच. ज्या दाराने दादाजी आत आले होते ते दार बंद करण्याची ही मागणी होती आणि ती करणाऱ्या स्त्रीला त्या दाराची रचना तीन वर्षांच्या अनुभवाने नेमकी ठाऊक झाली होती. खटल्यात अडकलेली व्यक्ती सहसा आपल्या निकालापुरते मागते. तुरुंगाची मुदत डोक्यावर असताना रखमाबाईंनी कायद्याचा मसुदा मागितला.

दादाजींनीही त्याच महिन्यात आपली बाजू छापली. रखमाबाई आईच्या आणि आजोबांच्या सांगण्याने वागतात आणि सारा खटाटोप मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून आहे, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी त्याला जूनमध्ये मुद्देसूद जाहीर उत्तर दिले. दादाजींना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. शिक्षणात मागे पडलेला, मामाच्या घरी राहणारा, ज्याच्या लग्नाचा विषय दोन खंडांत चघळला जात आहे असा तो माणूस होता, आणि एकोणिसाव्या वर्षी झालेल्या या लग्नात त्याच्या वडीलधाऱ्यांनी त्यालाही फारसे विचारले असेल असे वाटत नाही. फरक एवढाच, की कायदा त्याच्या बाजूला होता.

दोन हजार रुपये

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी खर्चापोटी दोन हजार रुपये घ्यावेत आणि हुकूमनाम्याची बजावणी मागू नये, असे ठरले. आजच्या कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर दरखास्त दाखल करायची नाही. हुकूमनामा रद्द झाला नाही, विवाह मोडला नाही. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून विवाह रद्द केला, ही हकिकत अजूनही ठिकठिकाणी वाचायला मिळते. ती ऐकायला बरी वाटते, पण सुटका झाली ती दोन हजार रुपयांनी.

आईने नावावर करून ठेवलेली मालमत्ता, वकील देण्याची ऐपत, इंग्रजीत लिहिण्याइतके शिक्षण, पुनर्विवाहाला मोकळी असलेली ज्ञाती, गर्भाधान नाकारणारा सावत्र बाप : यातले एक जरी नसते तरी हा नकार बहुधा १८७६-७७ मध्येच संपला असता. त्याच मुंबईतल्या गिरणीकामगार वस्तीत, किंवा कोकणातल्या एखाद्या गावात, ज्या मुलींनी नांदायला जायला नकार दिला असेल त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही; त्यांना उचलून नेऊन पोहोचवले गेले असेल. ही साधने रखमाबाईंच्या हाती आयती आली, पण ती केवळ स्वतःसाठी खर्च करण्याची मुभा असताना त्यांनी ती तशी केली नाहीत. गुपचूप तडजोड १८८४ मध्येही झाली असती आणि कदाचित स्वस्तात झाली असती.

पुढची वर्षे

कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीकडे वळवले आणि मदतीचा निधी उभा राहिला. पीची या स्वतः एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये ब्रुसेल्सची एम.डी. मिळवून परतल्या आणि पुढे सुरतच्या व नंतर राजकोटच्या स्त्री रुग्णालयात मिळून सुमारे ३५ वर्षे त्यांनी काम केले. ‘भारतातल्या पहिल्या व्यवसाय करणाऱ्या स्त्री डॉक्टर’ असे बिरूद त्यांना लावले जाते; कोलकात्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून व्यवसाय करत होत्या, त्यामुळे ते काटेकोर नाही आणि रखमाबाईंना त्याची गरजही नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. ही नोंद अनेकांना अडचणीची वाटते. लढून नाकारलेल्या नात्याचे वैधव्य का पत्करावे, याचे एक उत्तर असे असू शकते की तपासायला येणाऱ्या सुरतेतल्या बायांना पांढऱ्या साडीतली डॉक्टर जवळची वाटली असावी. दुसरे असे, की कायद्याने न मोडलेले नाते त्यांच्याही मनातून पूर्ण मोडले नसावे. त्यांनी स्वतः काही स्पष्टीकरण मागे ठेवलेले दिसत नाही, आणि त्यांच्या वतीने आपण ते द्यावे असे मला वाटत नाही.

त्या वाक्याचे काय झाले

१८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे ज्या वयाआधी पत्नीशीही शरीरसंबंध गुन्हा ठरतो त्या वयाच्या, कायद्याचे श्रेय या खटल्याला देण्याचा प्रघात आहे. तो अंशतः बरोबर आहे. इंग्लंडमधले लोकमत तयार झाले ते रखमाबाईंमुळे, पण कायदा पुढे रेटला तो कोलकात्यातल्या फुलमणी दासी या अकराएक वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने, जी पतीच्या बळजबरीने मेली. त्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर आणले. रखमाबाईंनी विवाहासाठी १५ मागितले होते.

१९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेतून या दाव्यातली कैद वगळली गेली, जप्ती राहिली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहवय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. म्हणजे रखमाबाईंनी ४२ वर्षांपूर्वी मागितलेल्या वयापेक्षा दोन्ही आकडे खालीच होते, आणि शिवाय त्या कायद्याने लग्न लावणाऱ्याला शिक्षा ठेवली पण झालेले लग्न वैधच राहू दिले. त्यांनी नेमके उलट सुचवले होते. तो कायदा झाला तेव्हा रखमाबाई पासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या आणि त्याच वर्षी त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानेही बालविवाह सरसकट अवैध ठरवलेला नाही. लहान वयात लग्न झालेल्या व्यक्तीला तो रद्द करून घेता येतो, त्यासाठी तिने न्यायालयाची पायरी चढली पाहिजे. कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून असे विवाह मुळातच शून्य ठरवले आहेत.

आणि दावा स्वतः? इंग्लंडने तो १९७० मध्ये पूर्णपणे काढून टाकला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सरिता प्रकरणात हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ घटनाबाह्य ठरवले आणि त्या निकालात स्त्रीच्या शरीरावरच्या तिच्या अधिकाराविषयी जे म्हटले ते पिन्हे यांच्या जवळ जाणारे होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात ते कलम वैध मानले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान दिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढे स्पष्ट केले, की नांदायला जाण्याचा हुकूमनामा असूनही पत्नी गेली नाही, तरी तेवढ्याच कारणाने तिची पोटगी आपोआप थांबत नाही. न जाण्यास पुरेसे कारण होते का ते पाहिले पाहिजे.

हिंदू विवाह कायदा अमलात आला १८ मे १९५५ रोजी. हिंदू स्त्रीला त्याने घटस्फोटाचा हक्क दिला, आणि नवव्या कलमात नांदायला बोलावण्याचा दावाही जसाच्या तसा ठेवला. रखमाबाई तेव्हा मुंबईत होत्या, वय ९० वर्षे. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, त्या वारल्या.